पाच दिवसांचं धुरकं आणि मृत्यूच्या चिठ्ठ्या : लंडनच्या एका बरोचं प्रकरण, डिसेंबर १९५२

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं, म्हणजे धूर मिसळलेलं धुकं, बसलं आणि हजारो माणसं दगावली. बरो म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेला लंडनचा एक विभाग. या प्रकरणातली बरो निनावी ठेवली आहे. कामाची रीत, कागद आणि अधिकारांच्या मर्यादा तेव्हाच्या लंडनमधल्या कुठल्याही महानगर बरोला लागू पडतील अशा आहेत. आकडे मात्र एका बरोचे नाहीत, ते सगळ्या लंडनचे आहेत आणि जिथे वापरलेत तिथे तसं म्हटलं आहे. बरोच्या पातळीवरचं गणित दाखवताना 'समजा' म्हणून सोपी संख्या घेतली आहे.

पार्श्वभूमी

१९५२ साली लंडन काउंटीत २८ महानगर बरो होत्या, शिवाय वेगळी सिटी ऑफ लंडन. प्रत्येक बरोला स्वतःचा आरोग्य अधिकारी होता. पण ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि त्याच्या हातातलं बरंच काही गेलं. रुग्णालयं प्रादेशिक मंडळांकडे गेली. बाळंतिणी आणि बालकांची केंद्रं, लसीकरण, घरी जाणाऱ्या परिचारिका, रुग्णवाहिका हे सगळं काउंटी कौन्सिलकडे. बरोकडे उरले सॅनिटरी इन्स्पेक्टर, अन्नाची तपासणी, घरांची अवस्था, साथीच्या रोगांच्या सूचना, धुराच्या तक्रारी आणि आकडेवारी.

आकडेवारी म्हणजे दरवर्षी छापायचा अहवाल. त्याची पहिली पानं ठरलेली असत. बरोचं क्षेत्रफळ एकरांत, मध्य-वर्षाची अंदाजी लोकसंख्या, जन्म, मृत जन्म, दर हजारी मृत्यू, हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेली मुलं. लोकसंख्येचा अंदाज रजिस्ट्रार जनरलच्या, म्हणजे देशभरच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या प्रमुखाच्या, कचेरीतून यायचा. तिथूनच एक गुणकही यायचा. ज्या बरोत म्हातारी माणसं जास्त तिथला मृत्यूदर आपोआप जास्त दिसतो, तो या गुणकानं गुणून देशाच्या दराशी तुलना करण्याजोगा करायचा. १९५२ चा इंग्लंड-वेल्सचा दर हजारी ११.३ होता, बालमृत्यूदर २७.६.

या दरांच्या खाली कच्चा माल होता चिठ्ठ्यांचा. मृत्यूची नोंद करणारा निबंधक आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली नव्हता, त्याची साखळी वेगळी. तो आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंची नक्कल आठवड्याला बरोकडे पाठवायचा. नाव, पत्ता, वय, धंदा, मृत्यूची तारीख, नोंदीची तारीख, डॉक्टरनं लिहिलेलं कारण. बरोतला कारकून त्या कारणाप्रमाणे लावायचा, वहीत चढवायचा आणि गठ्ठा बांधून ठेवायचा.

इशारे आधीच मिळाले होते. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियमच्या म्यूज खोऱ्यात कारखान्यांच्या धुक्यात साठाहून जास्त माणसं गेली. त्यावर काम करणाऱ्या फिर्केट यांनी हिशेब मांडला होता की असंच लंडनवर आलं तर ३,२०० च्या आसपास माणसं दगावतील. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा गावात २० जण गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस खुद्द लंडनच्या धुक्यात सुमारे ३०० मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाले, पण वार्षिक दरात ते कुठेच दिसले नाहीत.

आणखी एक गोष्ट. कोळसा अजून रेशनवर होता. १ डिसेंबर १९५२ पासून सरकारनं 'नटी स्लॅक' हा चुरा आणि बारीक खड्यांचा हलका कोळसा रेशनबाहेर मोकळा केला. चांगला कोळसा परदेशी विकला जायचा आणि घरच्या शेगडीत चुरा पडायचा. चुऱ्याला मुळात धूर जास्त.

अडचण

शुक्रवार ५ डिसेंबरला थंड हवा शहरावर बसली आणि मंगळवार ९ डिसेंबरपर्यंत उठली नाही. वर उबदार हवेचं झाकण, खाली लाखो शेगड्या. बस बंद पडल्या, भुयारी रेल्वे तेवढी चालू होती. हवेतला धूर ४ तारखेला दर घनमीटरला ०.४९ मिलिग्रॅम होता, तो ७ आणि ८ तारखेला ४.४६ वर गेला. गंधकाचा वायू हवेच्या दहा लाख भागांत ०.१४ वरून १.३४ वर. 

बरोच्या कचेरीत मात्र सोमवारी सकाळी काहीच दिसत नव्हतं. कारणं साधी होती.

पहिलं म्हणजे मृत्यूची नोंद करायला पाच दिवसांची मुदत असे. (आपल्याकडे १९६९ च्या कायद्यानं ती २१ दिवस आहे, त्यामुळे ज्यांनी ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची नोंदवही हाताळली आहे त्यांना हा उशीर लगेच कळेल.) शनिवार-रविवार मधे आला आणि धुक्यात नातेवाईक घराबाहेर पडू शकत नव्हते. घरी अचानक गेलेला, ज्याला अलीकडे डॉक्टरनं पाहिलं नव्हतं असा माणूस कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाई. शवविच्छेदन होऊन नोंद व्हायला आणखी दिवस.

दुसरं, चिठ्ठी मृत्यू जिथे झाला तिथून यायची. ज्या बरोत मोठं रुग्णालय तिच्या गठ्ठ्यात परक्यांचे मृत्यू भरलेले. जिच्यात रुग्णालय नाही तिचे रहिवासी दुसरीकडे मरायचे आणि त्यांच्या नोंदी बदलीच्या वाटेनं नंतर पोचायच्या. पहिल्या आठवड्यात एक बरो उगाच घाबरायची आणि दुसरी उगाच निश्चिंत राहायची.

तिसरं कारण सगळ्यांत चिवट. धुरकं हे मृत्यूचं कारण म्हणून कोणी लिहीत नव्हतं. दाखल्यावर पहिल्या भागात तीन ओळी असतात. (क) थेट कारण, (ख) ते कशामुळे, (ग) त्याच्याही मुळाशी काय. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. सत्तर वर्षांच्या निवृत्त हमालाच्या दाखल्यावर साधारण असं असायचं: (क) हृदय निकामी, (ख) जुनाट ब्राँकायटिस, (ग) रिकामी, दुसरा भाग रिकामा. कारकून नियमाप्रमाणे मुळाचा आजार उचलणार, म्हणजे ब्राँकायटिस. पण डॉक्टरनं फक्त (क) भरला असेल तर तोच माणूस हृदयविकारात जमा. दाखला खोटा नाही, तरीही हवा त्यातून पुसली जाते.

माहिती विखुरलेली होती ती वेगळीच. रुग्णालयात खाट मागणाऱ्यांची झुंबड किंग एडवर्ड फंडाच्या आणीबाणी खाट सेवेला दिसत होती. रुग्णवाहिकांचे फेरे काउंटीला दिसत होते. शवपेट्या कमी पडताहेत हे अंत्यविधीवाल्यांना ठाऊक होतं. बरोला यातलं काहीही रोजच्या रोज मिळत नव्हतं.

समोरचे पर्याय

१३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या हातात आल्यावर आरोग्य अधिकाऱ्यापुढे निर्णयाची पहिली जागा आली. गठ्ठा जाड का, हे ठरवायचं.

समजा बरोची वस्ती एक लाख आणि मृत्यूदर १२. वर्षाला १,२०० मृत्यू, म्हणजे आठवड्याला २३. एवढ्या लहान संख्येत नशिबाचे चढउतार असतात. २३ चं वर्गमूळ ४.८, त्याच्या दुपटीनं खाली-वर म्हणजे १३ ते ३३ पर्यंतचा आठवडा नुसत्या योगायोगानंही येऊ शकतो. लंडनभरच्या वाढीचं प्रमाण लावलं तर या बरोत ५२ चिठ्ठ्या असायला हव्यात. ५२ योगायोगानं येत नाहीत. म्हणजे बरोच्या एकट्या गठ्ठ्यावरूनही हे कळण्याजोगं होतं, पण मोजणाऱ्यानं आठवड्याची वही उघडली तरच.

आता पर्याय. 'थंडी आणि इन्फ्लुएंझा' म्हणून पुढे जाणं सगळ्यांत सोपं, दर हिवाळ्यात तेच लिहिलं जाई. दुसरा, वार्षिक अहवालापर्यंत थांबणं. हा पर्याय वरवर जबाबदार दिसतो, कारण तोवर बदलीच्या नोंदी येऊन आकडा शुद्ध होतो. पण वार्षिक दर इथे कुचकामी आहे. बृहद् लंडनची (काउंटी आणि भोवतालची उपनगरं मिळून) वस्ती तेव्हा सुमारे ८३ लाख होती. चार हजार जादा मृत्यू धरले तरी हजारी दर ०.४८ नं हलतो. म्हणजे शतकातल्या एका मोठ्या नागरी आपत्तीचा ठसा साध्या फ्लूच्या वर्षाएवढा. तिसरा पर्याय, चिठ्ठ्या सोडवून नव्यानं लावायच्या, नोंदीच्या तारखेऐवजी मृत्यूच्या तारखेनं, मग वयानं, मग कारणानं, मग वॉर्डानं. चौथा, सॅनिटरी इन्स्पेक्टर धुराड्यांवर सोडायचे.

चौथ्यात कायदा आडवा येत होता. १९२६ पासूनच्या धूरविरोधी तरतुदी कारखान्यांच्या काळ्या धुरासाठी होत्या, राहत्या घरांची धुराडी त्यातून वगळलेली. इन्स्पेक्टर धुराचा काळेपणा ठरवणाऱ्या रिंगेलमनच्या छटापत्रकाशी धूर ताडून बेकरीवाल्याला नोटीस देऊ शकत होता. शेजारच्या दोनशे घरांकडे बघण्याचा त्याला अधिकारच नव्हता. धूरमुक्त विभाग करायचा तर स्वतःचा खास कायदा संसदेतून करून घ्यावा लागे. मँचेस्टर आणि कॉव्हेंट्री यांनी ते केलं होतं.

काय केलं गेलं

तिसरा पर्याय लंडनच्या पातळीवर खरोखर अमलात आला. मृत्यू तारखेप्रमाणे लावल्यावर लंडन काउंटीचे आकडे असे उतरले:

१ डिसेंबर: ११२
२ डिसेंबर: १४०
३ डिसेंबर: १४३
४ डिसेंबर: १२०
५ डिसेंबर: १९६
६ डिसेंबर: २९४
७ डिसेंबर: ५१३
८ डिसेंबर: ५१८
९ डिसेंबर: ४३०
१० डिसेंबर: २७४
११ डिसेंबर: २५५
१२ डिसेंबर: २३६
१३ डिसेंबर: २५६
१४ डिसेंबर: २२२
१५ डिसेंबर: २१३

हा तक्ता सावकाश वाचण्याजोगा आहे. पहिल्या चार दिवसांची सरासरी १२९. धुकं शहरावर बसलं त्याच दिवशी, ५ तारखेला, १९६. साथीचा रोग असा वागत नाही. त्याला शरीरात शिरून पिकायला दिवस लागतात, एका रात्रीत दीडपट होत नाही. 'इन्फ्लुएंझा असावा' हा पहिला पर्याय इथेच मागे पडतो. मग उतार पाहा. हवा ९ तारखेला मोकळी झाली, मृत्यू मात्र १५ तारखेलाही २१३. पाया १२९ धरला तर ५ ते ९ मध्ये जादा मृत्यू १,३०६ आणि १० ते १५ मध्ये ६८२. म्हणजे या पंधरवड्यातल्या जादा मृत्यूंपैकी एक तृतीयांश धुकं गेल्यावरचे आहेत. ज्यानं पाच दिवसांचीच बेरीज केली त्याच्या हिशेबातून ती माणसं सुटली.

पाया कुठला धरायचा, ही निर्णयाची दुसरी जागा. बृहद् लंडनमध्ये ६ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात २,०६२ मृत्यू नोंदले गेले, १३ ला संपलेल्या आठवड्यात ४,७०३. वजाबाकी २,६४१. पण ६ ला संपलेल्या आठवड्यात धुक्याचे दोन दिवस आधीच आलेले आहेत, म्हणजे पायाच मळलेला. १९५१ चा तोच आठवडा घेतला तर तिथे १,८५२ आणि वजाबाकी २,८५१. एका आठवड्यात २१० माणसांचा फरक, केवळ तुलनेला काय घेतलं त्यावर. एकाच वर्षाचा आठवडाही फार भरवशाचा नसतो. बरोच्या वहीत मागच्या पाच वर्षांची आठवडावार सरासरी तयार असेल तर तीच वापरावी.

कारणांमध्ये वाढ ठळक दिसली ती ब्राँकायटिसची. लंडनमध्ये नोंदलेले असे मृत्यू आदल्या आठवड्यात ७६, नंतरच्यात ७०४. न्यूमोनिया आणि हृदयाचे विकारही वाढले. बहुतेक मृत माणसं उतारवयातली, आधीपासून छाती किंवा हृदय कमकुवत असलेली. अगदी लहान बाळांमध्येही वाढ होती.

हवेच्या मोजणीतही वार्षिक दरासारखाच घोळ होता. अनेक ठिकाणी पडणाऱ्या काजळीची बरणी महिन्यातून एकदा रिकामी करत आणि चौरस मैलाला किती टन ते काढत. डिसेंबरच्या बरणीत पाच दिवसांची काजळी सव्वीस दिवसांच्या काजळीत मिसळलेली. पांढऱ्या गाळणकागदातून ठरावीक हवा ओढून त्यावरच्या डागाची छटा मोजण्याची रीत रोजची होती. मृत्यूंच्या तक्त्याशेजारी ठेवण्याजोगा आकडा तिच्यातूनच मिळाला.

पुढच्या हिवाळ्याआधी सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर गॉजचे मुखपट्टे द्यायचं ठरवलं. गॉज मोठी काजळी अडवतो. गंधकाचा वायू आणि बारीक कण त्यातून सरळ आत जातात. बरोला लोकांना सांगण्यासारखं खरं तर इतकंच होतं की छातीच्या रोग्यानं घरात राहावं आणि खिडकी लावावी. आणि घरात शेगडी पेटलेली.

निष्पत्ती

जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अंतिम अहवाल नोव्हेंबर १९५४ चा. खासदार जेराल्ड नाबॅरो यांनी खासगी विधेयक आणलं, सरकारनं स्वतःचं आणण्याचं वचन दिल्यावर मागे घेतलं. ५ जुलै १९५६ ला स्वच्छ हवा कायदा झाला आणि घरगुती धुराडं पहिल्यांदा बरोच्या अधिकारात आलं.

मग बरोचं खरं काम सुरू झालं, आणि ते चिठ्ठ्यांपेक्षा कंटाळवाणं होतं. धूरनियंत्रण विभाग करायचा तर आधी घरोघर पाहणी. किती घरं, किती शेगड्या, कुठली बदलावी लागणार, खर्च किती. मग आदेश काढायचा, जाहीर करायचा, हरकती ऐकायच्या, मंत्र्याची मंजुरी घ्यायची आणि मंजुरीनंतर किमान सहा महिने थांबून अंमल. शेगडी बदलण्याच्या खर्चात घरमालकाचे तीन दशांश, बरोचे तीन दशांश, केंद्राचे चार दशांश. अडायचं ते पैशापेक्षा इंधनापाशी. कोक, म्हणजे कोळशापासून केलेलं बिनधुराचं इंधन, जुन्या उघड्या शेगडीत पेटता पेटत नाही, त्याला खालून वायूची ज्योत द्यावी लागते. म्हणजे जिथे गॅसची नळी नाही तिथे नुसती जाळी बदलून भागत नाही. पाहणीच्या फॉर्मवर 'शेगडीपाशी गॅस आहे का' हा रकाना नसेल तर खर्चाचा अंदाज हमखास चुकणार.

डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा तसंच धुकं बसलं. गंधकाचा वायू जवळपास तेवढाच चढला, धूर मात्र पुष्कळ कमी होता. लंडनमधले जादा मृत्यू या वेळी सुमारे ७००.

वेगळं काय करता आलं असतं

चिठ्ठ्या आठवड्याच्या गठ्ठ्यात येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. निबंधकाची कचेरी बहुधा काही रस्त्यांच्या अंतरावर असे. धुकं दोन दिवस टिकलं की रोज संध्याकाळी 'आज किती नोंदी, त्यांपैकी काल-परवाचे मृत्यू किती' एवढा एक फोन पुरला असता. आकडा कच्चा असता, बदलीच्या नोंदींशिवायचा. पण बरोला तेव्हा दिशा हवी होती, दशांश नव्हे. अंत्यविधीवाल्यांना विचारणंही तितकंच उपयोगी, कारण त्यांच्याकडे कुटुंब निबंधकाच्या आधी पोचतं.

दाखल्याच्या बाबतीत डॉक्टरांना एक पत्र पाठवता आलं असतं, की ५ डिसेंबरनंतर ज्यांची प्रकृती एकदम बिघडली त्यांच्या बाबतीत (ख) आणि (ग) रिकामे ठेवू नका. कारण बदलायला सांगायचं नाही, अपुरं सोडू नका एवढंच.

सगळ्यांत वादाचा मुद्दा मोजणी कधी थांबवायची हा आहे. आरोग्य मंत्रालयानं डिसेंबरपर्यंतचे सुमारे ४,००० मृत्यू धुक्याच्या खात्यावर टाकले. त्यानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीतला चढ इन्फ्लुएंझाच्या खात्यावर गेला. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर जादा मृत्यूंची संख्या १२,००० च्या आसपास धरली. छातीनं आधीच खचलेला माणूस जानेवारीत सर्दीनं गेला तर तो कोणाच्या खात्यात, हा प्रश्न चिठ्ठीवर सुटत नाही. पण बरोची वही मार्चपर्यंत उघडी ठेवून, आठवडावार, वयावार आणि कारणवार रकाने भरत राहणं तेव्हाही शक्य होतं. १५ डिसेंबरला २१३ असताना ती बंद करण्याचं कारण नव्हतं.

आणि १९५६ नंतरचा क्रम. कायद्यानं बरोला विभाग कुठून सुरू करायचा याची मोकळीक दिली. नव्या फ्लॅटांच्या वसाहतीत आदेश काढणं सोपं, कारण तिथे गॅस आणि वीज आधीच आलेली असते. दाटीच्या जुन्या चाळवजा घरांच्या रांगा अवघड, एकेका घरात चार बिऱ्हाडं आणि चार शेगड्या. डिसेंबर १९५२ च्या चिठ्ठ्या वॉर्डावार लावून भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या टोचल्या असत्या तर पहिला विभाग कुठला घ्यायचा हे ठरवायला दुसऱ्या कागदाची गरज पडली नसती. तो गठ्ठा कपाटात होता, पत्त्यांसकट.